सर्व्हरवर नवा पायथन टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या काही छोट्या ऑफिसांचे, दोन-तीन कॉलेजांचे आणि कळमना बाजारातल्या चार अडत्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. व्हॉट्सॲपवर रोज जे विचारलं जातं ते एकदाचं इथे लिहून ठेवतोय. अर्धे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: सर्व्हरवर जुना पायथन (प्रोग्राम लिहायची आणि चालवायची भाषा) आहे, सॉफ्टवेअरला नवा हवा आहे.

एक सूचना. कमांड मी मुद्दाम देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत स्वतः टाइप करा. मेसेजमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये फोन दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, आणि मग ‘सर, तुमची कमांड चालत नाही’ असा फोन येतो.

१. सर्व्हरवर पायथन आधीपासून आहेच. मग दुसरा कशाला टाकायचा?

कारण तो तुमच्यासाठी ठेवलेला नाही. रेड हॅट आणि त्याचे भाऊबंद रॉकी, अल्मा या लिनक्सांवर पॅकेज टाकणारा डीएनएफ पायथनमध्ये लिहिलेला आहे. फायरवॉल सांभाळणारा फायरवॉलडी पायथनमध्ये, मशीन पहिल्यांदा उठताना मांडणी करणारा क्लाउड-इनिट पायथनमध्ये. उबंटू या दुसऱ्या लिनक्सवरही किती तरी व्यवस्थापनाची कामं त्याच्याच भरवशावर चालतात. ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात येते तेव्हा तिच्यासोबत पायथनची एक आवृत्ती ठरते आणि शेवटपर्यंत तीच राहते. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आकडा बदलत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर मात्र पुढे सरकतं. रॉकी ९ चा मूळ पायथन ३.९ आहे आणि जँगो (वेबसाइट बांधायची पायथनची चौकट) ५.० ला किमान ३.१० लागतो. इथे गाडी अडते. उपाय एवढाच की सर्व्हरचा पायथन सर्व्हरला राहू द्यायचा आणि आपला शेजारी वेगळा मांडायचा.

२. माझ्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे हे कसं कळेल?

‘पायथन३’ लिहून एक जागा सोडा आणि दोन रेघांनंतर ‘व्हर्जन’ लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आहे ते ‘ईटीसी’मधल्या ‘ओएस-रिलीज’ फाइलमध्ये सापडतं.

साधारण हिशोब असा. उबंटू २०.०४ वर ३.८, २२.०४ वर ३.१० आणि २४.०४ वर ३.१२. डेबियन ११ वर ३.९, १२ वर ३.११, १३ वर ३.१३. रेड हॅट घराण्यात आठव्या पिढीत ३.६, नवव्या पिढीत ३.९ आणि दहाव्या पिढीत ३.१२. याच घराण्यातल्या सेंटओएस ७ वर नुसतं ‘पायथन’ लिहिलं तर २.७.५ उठतो. त्याची कथा वेगळी आहे, प्रश्न ९ पाहा.

आठव्या पिढीत एक गंमत आहे. सिस्टिमचा स्वतःचा ३.६ ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ या नावाने ‘लिबएक्झेक’ फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. त्यामुळे नव्या मशीनवर ‘पायथन’ लिहिलं तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि लोकांना वाटतं पायथन नाहीच. तो असतो. तुमच्या हाती लागू नये म्हणून आत ठेवलेला असतो.

३. जुना काढून टाकला आणि त्याच जागी नवा बसवला तर?

नका करू. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये.

धंद्याच्या पहिल्या वर्षी कळमन्याच्या एका अडत्याकडे सेंटओएस ७ चा सर्व्हर होता. मृग बहाराची संत्री यायला लागली होती. बिलिंगच्या एका स्क्रिप्टला पायथन ३.६ हवा होता, म्हणून मी ‘युएसआर-बिन’मधली ‘पायथन’ नावाची लिंक २.७ वरून सोडवली आणि ३.६ ला जोडली. स्क्रिप्ट चालली. मी खूश होऊन घरी गेलो. चार दिवसांनी एक पॅकेज टाकायला ‘यम’ (डीएनएफच्या आधीचा पॅकेज टाकणारा) चालवला, तर ‘सिंटॅक्स एरर’. ‘एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट’ या ओळीतल्या स्वल्पविरामाखाली छोटा बाण दाखवून तो थांबला. पायथन २ मध्ये तो स्वल्पविराम चालतो, ३ मध्ये नाही. मला वाटलं यमच खराब झाला. यम पुन्हा टाकायला पुन्हा यमच लागतो! बिलिंग तेवढं चालू होतं, कारण ते आधीच मेमरीत उठलेलं होतं. रात्री नऊला लिंक परत २.७ ला जोडली आणि सगळं सुरळीत झालं. म्हणजे दुरुस्ती एका ओळीची होती आणि ती सापडायला अख्खी संध्याकाळ गेली.

उबंटूवर हाच उद्योग केला तर चूक वेगळी दिसते. ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ असं येतं, कारण ते मॉड्यूल फक्त मूळ आवृत्तीसाठी कंपाइल केलेलं (कोडवरून बांधलेलं) असतं. आणि उबंटूवर पायथन३ ‘रिमूव्ह’ केला तर त्याच्यावर टेकलेली पॅकेजेसही सोबत जातात. नेटवर्क उभं करणारा नेटप्लॅन त्यातच आहे. आधीच उडवला असेल तर थेट प्रश्न २० वर जा.

४. कोणती आवृत्ती टाकू? सगळ्यात नवी?

सहसा सगळ्यात नवीच्या एक किंवा दोन मागची. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येकीला सुमारे ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. ३.८ च्या ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबल्या, ३.९ च्या ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३.१२ ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे. ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये आली.

अगदी ताजी आवृत्ती टाकली की तुमच्या चाळीस पॅकेजेसपैकी एखाद्याची तयार फाइल तिच्यासाठी निघालेली नसते. मग पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारा) ते पॅकेज सर्व्हरवरच कंपाइल करायला बसतो आणि कंपायलर नाही म्हणून कोसळतो. म्हणून आधी रिक्वायरमेंट्सच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या) यादीतलं सगळ्यात अडेल पॅकेज शोधा (बहुतेक वेळा डेटाबेसचा ड्रायव्हर किंवा पीडीएफ बनवणारं) आणि ते जिथवर येतं तिथवरच जा.

५. उबंटूवर सोपा रस्ता कोणता?

‘डेडस्नेक्स’ नावाचा पीपीए, म्हणजे बाहेरून जोडायचं पॅकेजेसचं भांडार. ‘ॲड-एपीटी-रिपॉझिटरी’ने तो जोडा, अपडेट घ्या आणि ‘पायथन३.१२’ हे पॅकेज टाका. त्यासोबत ‘पायथन३.१२-वेन्व’ आणि ‘पायथन३.१२-डेव’ हीसुद्धा टाका. अर्ध्या लोकांचे फोन ही दोन न टाकल्यामुळे येतात. वेन्व नसेल तर प्रोजेक्टचं स्वतंत्र वातावरण बनत नाही (प्रश्न ११). डेव नसेल तर कंपाइल होणारी पॅकेजेस ‘पायथन डॉट एच सापडली नाही’ म्हणून रडतात.

डेडस्नेक्स ही उबंटू कंपनीची अधिकृत गोष्ट नाही. स्वयंसेवक ती चालवतात आणि सुरक्षेची दुरुस्ती वेळेत येईलच याची हमी देत नाहीत, तसं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टला, छोट्या ऑफिसला मी ती बिनधास्त वापरतो. पैशांचे व्यवहार होतात तिथे मात्र सरळ उबंटू २४.०४ चा नवा सर्व्हर उभा करतो, म्हणजे ३.१२ घरचाच मिळतो. शिवाय हा पीपीए पाठिंबा चालू असलेल्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्त्यांसाठीच असतो. तुमचा उबंटू म्हातारा झाला असेल तर प्रश्न १६ मधला रस्ता धरा.

६. आणि रॉकी, अल्मा किंवा रेड हॅटवर?

इथे तर बाहेर जायचंच नाही. ८.८ पासून पुढे ‘पायथन३.११’ आणि ८.१० मध्ये ‘पायथन३.१२’ ही पॅकेजेस अधिकृत भांडारातच आहेत. नवव्या पिढीत ३.११ हा ९.२ पासून आणि ३.१२ हा ९.४ पासून मिळतो. ‘डीएनएफ इन्स्टॉल पायथन३.१२’ एवढं पुरतं. लागेल तसे शेवटी ‘-पिप’ आणि ‘-डेव्हल’ जोडून ती पॅकेजेस घ्या. मूळ पायथनला धक्का लागत नाही, दोघं शेजारी नांदतात.

आठव्या पिढीसाठीच्या जुन्या लेखांत ‘मॉड्यूल एनेबल पायथन३८’ वगैरे दिसेल. ती मॉड्यूलं मुदत संपलेली आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

७. सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड करायचं आहे. ‘मेक इन्स्टॉल’ की ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’?

ऑल्टइन्स्टॉल. नेहमीच. नुसत्या ‘मेक इन्स्टॉल’ने ‘पायथन३’ या नावाची फाइलही तयार होते, ती ‘युएसआर-लोकल-बिन’मध्ये बसते आणि शोधाच्या वाटेत सिस्टिमच्या पायथनच्या आधी येते. ऑल्टइन्स्टॉल फक्त ‘पायथन३.१२’ असं पूर्ण नाव ठेवतो आणि बाकी कशाला हात लावत नाही. मी तर कॉन्फिगर करतानाच प्रीफिक्स (कुठे बसवायचं ती जागा) ‘ऑप्ट’खाली देतो. काढायचा झाला की एक फोल्डर उडवलं, विषय संपला.

बिल्डच्या आधी लायब्ऱ्यांच्या ‘डेव्हल’ फाइली टाकायच्या असतात: ओपनएसएसएल, झेडलिब, बीझिप२, एक्सझेड, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन. ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ दिलं तर पायथन थोडा वेगवान बनतो, पण बिल्ड करताना तो स्वतःच्या चाचण्या चालवून पाहतो, त्यामुळे वेळ बराच लागतो आणि प्रोसेसर पूर्ण तापतो. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, कूलरच्या भरवशावर ठेवलेल्या सर्व्हरवर भर दुपारी हे करू नका. पहाटे करा. आणि टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारं साधन) करा, कारण तुमच्या घरची लाईन गेली की राउटर बंद, एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटला आणि बिल्ड अर्ध्यावर मेलं. टीमक्समध्ये असेल तर तिकडे ते चालूच राहतं.

खरं सांगायचं तर आता मी वर्षातून एखाद्या वेळीच सोर्सवरून बिल्ड करतो. प्रश्न ५, ६ किंवा १६ मध्ये काम भागत असेल तर हा घाट घालू नका.

८. बिल्ड व्यवस्थित झालं, पण पिप म्हणतो ‘एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही’. काहून?

कारण बिल्डच्या वेळी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीच्या डेव्हल फाइली सापडल्या नाहीत. पायथनचं बिल्ड अशा वेळी थांबत नाही. ते मॉड्यूल वगळून पुढे जातं आणि शेवटी स्क्रीनवर एका ओळीत सांगतं की ही-ही मॉड्यूलं बनली नाहीत. ती ओळ कोणी वाचत नाही. ‘_सीटाइप्स’ नाही म्हणजे लिबएफएफआय नव्हती, ‘_एसक्यूलाइट३’ नाही म्हणजे एसक्यूलाइट नव्हती. राहिलेली डेव्हल फाइल टाका, ‘मेक क्लीन’ करा आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा. नुसती लायब्ररी टाकून बनलेला पायथन दुरुस्त होत नाही.

सगळं टाकूनही एसएसएल येत नसेल तर तुमचा सर्व्हर बहुधा सेंटओएस ७ आहे.

९. आमच्याकडे अजून सेंटओएस ७ आहे. त्यावर ३.१२ चालेल का?

सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. आरसे (पॅकेजेसच्या प्रती पुरवणारे सर्व्हर, म्हणजे मिरर) बंद झाले, पॅकेजेस ‘व्हॉल्ट’मध्ये गेली. यमला आधी तिकडचा पत्ता द्यावा लागतो.

पायथन ३.१० पासून पुढे ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवी लागते आणि सेंटओएस ७ ची स्वतःची १.०.२ आहे. म्हणून प्रश्न ८ मधली चूक इथे हटकून येते. ईपीईएलच्या जुन्या भांडारातलं ‘ओपनएसएसएल११’ टाकून आणि कॉन्फिगरला त्याची वाट दाखवून बिल्ड होतं. पण मूळचा कंपायलर जीसीसी ४.८ आहे. त्यावर ऑप्टिमायझेशन्स चालू ठेवलं तर ‘रनपाय मॉड्यूल इम्पोर्ट करता आलं नाही’ असं म्हणून सगळं आडवं होतं. त्यापेक्षा प्रश्न १६ मधला तयार पायथन या मशीनवर उठतो, कारण तो ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ वर चालेल असाच बनवलेला असतो आणि ओपनएसएसएल स्वतःच्या पोटात घेऊन येतो.

तरी हे ठिगळच. काही पॅकेजेसच्या नव्या तयार फाइली ग्लिबसी २.२८ मागतात, ती इथे नाही. अल्माचं ‘एलिव्हेट’ वापरून ७ वरून ८ वर चढता येतं. माझा कल मात्र शेजारी नवा अल्मा ९ उभा करून डेटा तिकडे नेण्याकडे असतो. जुन्या मशीनवर नऊ वर्षांत कोणी काय काय करून ठेवलं हे कोणालाच आठवत नसतं.

१०. नवा टाकला, तरी ‘पायथन३’ लिहिलं की जुनाच दिसतो. अल्टरनेटिव्हजने बदलू का?

जुनाच दिसायला पाहिजे. नव्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारा: ‘पायथन३.१२’. उबंटूवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ने ‘पायथन३’ फिरवणं म्हणजे प्रश्न ३ मधलीच चूक जरा सभ्य कपड्यांत. फक्त स्वतःच्या बोटांची सोय हवी असेल तर आपल्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) एक एलियास (कमांडचं टोपणनाव) टाका. त्याने दुसऱ्या कोणाला त्रास होत नाही.

११. वेन्व म्हणजे नेमकं काय? ते लागतंच का?

एका प्रोजेक्टचं स्वतःचं फोल्डर, ज्यात ठरलेल्या पायथनची लिंक आणि त्या प्रोजेक्टचीच पॅकेजेस असतात. ‘पायथन३.१२ -एम वेन्व’ आणि पुढे फोल्डरचं नाव, की ते तयार. कोणत्या पायथनने बनवलं त्यावर आतला पायथन ठरतो, म्हणून इथेही पूर्ण नाव लिहा.

लागतंच. एका कॉलेजच्या सर्व्हरवर तीन बॅचचे प्रोजेक्ट एकाच ठिकाणी पॅकेजेस टाकत होते. एकाने जँगो वर चढवला की दुसऱ्या दोघांचे बंद. सबमिशनच्या आठवड्यात हे किती वेळा झालं ते विचारू नका. आणि वेन्वचं फोल्डर दुसरीकडे हलवायचं नसतं, त्याच्या आतल्या स्क्रिप्टांमध्ये पूर्ण पत्ता कोरलेला असतो. हलवायचं झालं तर नव्या जागी पुन्हा बनवा.

१२. पिप चालवला तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ येतं. सर्व्हर खराब झाला का?

नाही, शहाणा झाला. डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकायला मनाई आहे. संदेशातच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा तोडगा लिहिलेला असतो आणि लोक आनंदाने तो वापरतात. नावातच काय मोडणार ते सांगितलं आहे हो. वेन्व बनवा, प्रश्न ११.

१३. टर्मिनलवर प्रोग्राम चालतो, क्रॉनमध्ये किंवा सर्व्हिस म्हणून चालत नाही.

क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) तुमची बॅशआरसी वाचत नाही, एलियास ओळखत नाही आणि त्याची शोधाची वाट तोकडी असते. क्रॉनच्या ओळीत वेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. ‘ॲक्टिव्हेट’ करायची गरज नाही, वेन्वच्या ‘बिन’मधला पायथन थेट हाकारला की त्याला आपली पॅकेजेस सापडतात. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या ‘एक्झेकस्टार्ट’मध्येही तेच.

पत्ता बरोबर असूनही सर्व्हिस ‘२०३/एक्झेक’ दाखवून पडत असेल तर दोन गोष्टी बघा.

रेड हॅट घराण्यात बहुतेक वेळा कारण एसईलिनक्स (कोणाला कोणती फाइल वापरू द्यायची ते ठरवणारा पहारेकरी) असतो. वेन्व कोणाच्या तरी होम फोल्डरमध्ये आहे आणि सर्व्हिसला तिथली फाइल चालवू दिली जात नाही. प्रोजेक्ट ‘ऑप्ट’खाली घ्या. पण ‘एमव्ही’ने हलवलं तर फाइलींवर जुन्या जागेचा शिक्का तसाच राहतो, म्हणून नंतर ‘रिस्टोरकॉन’ चालवा आणि वेन्व नव्याने बनवा. एसईलिनक्सच बंद करून टाकणारे महाभाग आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचा सर्व्हर सांभाळायला घेत नाही.

दुसरं कारण नव्या पिढीचं. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून यूव्हीने (प्रश्न १६) पायथन टाकला, तो रूटच्या घरात बसला. सर्व्हिस चालते दुसऱ्या युजरच्या नावाने आणि त्याला रूटच्या घराचं दार बंद. यूव्हीला पायथन ठेवायची जागा ‘ऑप्ट’खाली नेमून द्या.

१४. नव्या पायथनवर मॉड-डब्ल्यूएसजीआय चालत नाही.

मॉड-डब्ल्यूएसजीआय (अपाचे या वेब सर्व्हरच्या आत पायथन चालवणारं मॉड्यूल) ज्या पायथनसोबत कंपाइल झालं त्याच्याशीच बोलतं. सिस्टिमच्या पॅकेजमधून आलेलं मॉड्यूल सिस्टिमच्या पायथनला बांधलेलं असतं, त्याला ३.१२ चा वेन्व दाखवून उपयोग नाही. अपाचेच्या डेव्हल फाइली टाकून वेन्वच्या आतूनच पिपने मॉड-डब्ल्यूएसजीआय घ्या आणि अपाचेला तो लोड करायला सांगा. किंवा गनिकॉर्न (पायथनचा स्वतंत्र वेब सर्व्हर) वेन्वमध्ये चालवा आणि अपाचेला फक्त पुढे उभं करा. दुसऱ्या रस्त्याने पुढच्या वेळी आवृत्ती बदलताना अपाचेला हातही लावावा लागत नाही, म्हणून मी तोच घेतो.

१५. उबंटू २२.०४ वरून २४.०४ केला आणि सगळे वेन्व मेले. पायथन उठतो, पण म्हणतो जँगो नाही!

वेन्वमधला पायथन ही ‘पायथन३’ची लिंक होती. काल ती ३.१० कडे जात होती, आज ३.१२ कडे जाते. तुमची पॅकेजेस मात्र वेन्वच्या आत ‘पायथन३.१०’ नावाच्या फोल्डरमध्येच पडून आहेत आणि ३.१२ तिथे डोकावत नाही. वेन्व नव्याने बनवा आणि रिक्वायरमेंट्स फाइलवरून पॅकेजेस टाका.

रिक्वायरमेंट्स फाइल कोणी लिहिलीच नव्हती? घाबरू नका आणि जुनं फोल्डर उडवू नका. त्याच्या ‘साइट-पॅकेजेस’मध्ये ‘डिस्ट-इन्फो’ने संपणारी फोल्डरं दिसतील. प्रत्येकाच्या नावात पॅकेज आणि आवृत्ती दोन्ही असतात. त्यांची यादी हीच तुमची हरवलेली फाइल.

१६. मला रूट नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर साधा युजर आहे. काय करू?

यूव्ही वापरा. तो आपल्या होम फोल्डरमध्ये बसतो आणि ‘यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१२’ म्हटलं की तयार बांधलेला पायथन उतरवतो. कंपायलर लागत नाही, रूट लागत नाही. पायएन्व हाही चांगला आहे, पण तो सोर्सवरून बिल्ड करतो, म्हणजे प्रश्न ७ मधल्या सगळ्या लायब्ऱ्या आधी असाव्या लागतात आणि त्या टाकायला रूटच लागतो. ॲनाकोंडा (पायथनचा तयार संच) घेण्याआधी परवाना वाचा, २०० पेक्षा जास्त माणसांच्या संस्थांना तिथे पैशांचे नियम आहेत. मिनिफोर्जने तो प्रश्न टळतो.

होम फोल्डरचा कोटा आधी तपासा. कोटा भरला की पिप मध्येच विचित्र चूक देतो आणि जागा संपल्याचा संशय शेवटी येतो.

१७. जुना कोड नव्या आवृत्तीवर पडतो. काय-काय काढून टाकलंय?

माझ्याकडे वारंवार येणारी यादी अशी. ३.१० मध्ये ‘कलेक्शन्स’मधून थेट ‘मॅपिंग’ घेणं बंद झालं, ते आता ‘कलेक्शन्स डॉट एबीसी’मध्ये आहे. ३.१२ मध्ये ‘डिस्टयूटिल्स’ आणि ‘इम्प’ गेले. नव्या वेन्वमध्ये सेटअपटूल्सही आपोआप येत नाही, तो मागून घ्यावा लागतो. ३.१३ मध्ये ‘सीजीआय’, ‘क्रिप्ट’ आणि ‘टेलनेटलिब’ गेले. सीजीआयमुळे जुनी फॉर्म भरायची पानं पडतात. बहुतेक वेळा दोष तुमच्या कोडमध्ये नसून एखाद्या जुन्या पॅकेजमध्ये असतो, म्हणून चुकीच्या शेवटच्या ओळीच्या वर कोणत्या फाइलचं नाव आहे ते आधी वाचा.

१८. रिपोर्टमधली मराठी नावं क्रॉनमध्ये आली की प्रोग्राम ‘आस्की’ म्हणून कोसळतो. नव्या पायथनने सुटेल?

बहुतेक सुटेल. क्रॉनमध्ये लोकेल (भाषा आणि लिपीची मांडणी) ‘सी’ असतो आणि पायथन ३.६ तेव्हा आस्की (फक्त इंग्रजी अक्षरं) धरून बसतो. ‘संत्री’तला पहिलाच ‘स’ छापायला गेला की पडला. हाताने चालवलं तर तुमच्या टर्मिनलचा लोकेल यूटीएफ-८ असतो, म्हणून तिथे सगळं छान. ३.७ पासून ‘सी’ लोकेल दिसला की पायथन स्वतःहून यूटीएफ-८ कडे वळतो. ३.६ वरच राहायचं असेल तर क्रॉनच्या फाइलीत वर ‘पायथनआयओएन्कोडिंग’ला यूटीएफ-८ द्या आणि फाइल उघडताना एन्कोडिंग दर वेळी स्वतः लिहा. दुसरी सवय नव्या पायथनवरही ठेवा.

१९. सर्व्हरला इंटरनेटच नाही.

तशाच ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुसऱ्या, इंटरनेट असलेल्या मशीनवर ‘डीएनएफ डाउनलोड’ला ‘रिझॉल्व्ह’ जोडून पायथनची पॅकेजेस उतरवा, ‘पिप डाउनलोड’ने बाकीची. पायथनची आवृत्ती आणि प्रोसेसरची जात दोन्हीकडे एकच हवी. पेन ड्राइव्हने नेऊन पिपला ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ देऊन त्या फोल्डरवरून टाका. विंडोज लॅपटॉपवर उतरवलेल्या फाइली घेऊन हिंगण्यापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला माणूस मीच आहे.

२०. भाऊ, मी सर्व्हरचा पायथन आधीच उडवला. आता?

पहिली गोष्ट: रीबूट करू नका. जे चालू आहे ते मेमरीत आहे म्हणून चालू आहे. उघडं एसएसएच सेशन बंद करू नका, जमलं तर शेजारी दुसरं उघडून ठेवा.

फक्त लिंक बदलली असेल तर ती मूळ आवृत्तीला परत जोडा. उबंटू २२.०४ वर ‘पायथन३’ ही ३.१० कडे, २४.०४ वर ३.१२ कडे. बहुतेक जण इथेच सुटतात.

पॅकेजच काढलं असेल तर उबंटूचं नशीब बरं, कारण एपीटी स्वतः पायथनमध्ये लिहिलेला नाही, तो चालतो. ‘पायथन३-मिनिमल’ आणि ‘पायथन३’ पुन्हा टाका. मग एपीटीच्या इतिहासाच्या लॉगमध्ये त्या दिवशी काय-काय निघालं त्याची पूर्ण यादी मिळते, ती सगळी परत घ्या. नेटप्लॅन, क्लाउड-इनिट आणि ‘उबंटू-सर्व्हर’ त्यात असतील. नेटप्लॅन परत आल्याशिवाय मशीन बंद केलं तर नेटवर्क उठणार नाही आणि मग कीबोर्ड-मॉनिटर घेऊन त्याच्यासमोर बसावं लागेल.

रॉकी-अल्मावर डीएनएफच मेलेला असतो. पण आरपीएम सी भाषेत आहे, तो जिवंत असतो. तुमच्या नेमक्या उपआवृत्तीची पायथन आणि त्याच्या लिब्सची पॅकेजेस आरशावरून कर्लने उतरवा आणि आरपीएमने टाका. उपआवृत्ती म्हणजे ९.४ असेल तर ९.४ चीच, ९.६ ची नाही. डीएनएफ उठला की ‘डीएनएफ हिस्टरी’ बघा, शेवटचा व्यवहार उलटा फिरवता येतो.

आणि हे सगळं करायच्या आधी, डेटाबेसचा डंप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवा. त्याला पायथन लागत नाही.